सापडलेल्या कागदांची प्रस्तावना : ठेवायची की काढायची?

पत्र : मी इंदूरला, रामबागेत राहते. यशवंतराव होळकरांच्या चिटणिशीतल्या एका कारकुनावर कादंबरी लिहिली आहे. काळ १८०१ ते १८१८, शब्द साधारण नव्वद हजार. सुरुवातीला अकरा पानांची प्रस्तावना आहे. जुनी इंदूरमधल्या वाड्याची भिंत पाडताना एका ठेकेदाराच्या मुलाला लाल रुमालात बांधलेली चारशे पानांची मोडी बखर सापडते, तो ती एका रात्रीत वाचून काढतो आणि 'जशीच्या तशी येथे देत आहे' म्हणतो. हे सगळं अर्थात माझ्या मनचं आहे. एका मित्राचं म्हणणं, ही वाचकाची फसवणूक आहे. प्रकाशकाकडच्या वाचकानं शेरा मारला, 'कंटाळवाणी, काढा.' आणि माझ्या आत्यांनी हस्तलिखित वाचून विचारलं, 'ते कागद कुठे ठेवलेस ग? नीट जप हो.' मी काय करू?

उत्तर :

ठेवा. पण आहे तशी नको. अकरा पानांची तीन करा आणि त्या तीन पानांना काम द्या. सध्या तुमची प्रस्तावना 'हे खरं आहे हो' एवढंच सांगते, आणि तेवढ्यासाठी ती लागतच नाही. कादंबरी हातात घेणाऱ्याला ती कादंबरी आहे हे ठाऊक असतं. खरेपणाचा शिक्का मारायला लिहिलेली प्रस्तावना कंटाळवाणीच होते. त्या शेऱ्यात तथ्य आहे.

मग लेखक ही युक्ती वापरतात कशासाठी? ऐतिहासिक कादंबरीत पहिल्या ओळीपासून काही प्रश्न उभे राहतात आणि कथेच्या ओघात त्यांची उत्तरं देता येत नाहीत. हा माणूस कोणाला सांगतोय? कधी सांगतोय, घटना घडताना की वीस वर्षांनी? कोणाच्या भीतीनं काय गाळतोय? दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस आजच्या मराठीत कसा बोलतोय? आणि त्याचं बोलणं आपल्यापर्यंत आलं कुठल्या वाटेनं? कल्पित प्रस्तावना ही उत्तरं कथा सुरू व्हायच्या आत देऊन टाकते.

ही चाल बाहेरून आणलेली आहे असंही समजू नका. सभासदाची बखरच बघा. कृष्णाजी अनंत सभासदानं ती १६९७ मध्ये जिंजीला लिहिली, आणि ती सुरू होते राजाराम महाराजांच्या आज्ञेपासून. कोणी विचारलं, कोणाला सांगतोय, हे आधी. ती चौकट खरी होती, तुमची रचलेली असेल. पण काम तेच. तुमच्या कारकुनाला मात्र कोणीच काही विचारलेलं नाही. तो उगाच लिहीत बसलाय आणि लिहून भिंतीत चिणून ठेवतोय. चारशे पानं लिहिण्याचे कष्ट माणूस कारणाशिवाय घेत नाही.

कारण तुमच्याच काळात पडलेलं आहे. इंग्रजांनी होळकरांचा पराभव केला त्या महिदपूरच्या लढाईनंतर जॉन मालकम हा इंग्रज अधिकारी माळव्यात होता, इथल्या संस्थानांची आणि घराण्यांची माहिती गोळा करत होता. त्याचा मध्य हिंदुस्थानवरचा ग्रंथ १८२३ मध्ये छापला गेला. अशा चौकशीत एखाद्या जुन्या कारकुनाला बोलावून 'तुम्ही छावणीत होतात, काय पाहिलंत ते लिहून द्या' असं कोणी सांगितलं असेल, ही कल्पना आहे, पण अशक्य नाही. असं धरलंत की बरंच काही आपोआप जुळतं. ऐकणारा इंग्रज आहे. इंदुरात कारभार दिवाण तात्या जोगांच्या हातात आहे. महिदपूरच्या आदल्या दिवशी, यशवंतरावांच्या मागे कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना क्षिप्राकाठी नेऊन मारलं, त्यात कोणाकोणाचा हात होता हे कारकुनाला ठाऊक आहे आणि त्यातले काहीजण अजून दरबारात वावरताहेत. अशा वेळी तो दोन प्रती करील. एक साहेबाला द्यायची, एक स्वतःजवळ ठेवायची. तुमची कादंबरी ही दुसरी प्रत. आता लिहिण्यालाही कारण मिळालं आणि लपवण्यालाही.

आता सर्वात अवघड जागा. 'जशीच्या तशी येथे देत आहे' हे वाक्य आजच काढा. ते ठेवलंत तर पुढची नव्वद हजार शब्दांची मराठी १८२० ची हवी. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात कारकून म्हणतो, 'मला एकदम अपराधी वाटलं.' दरबारी कारकून असं लिहीत नाही. तो लिहील, 'चित्तास समाधान न वाटे.' नव्वद हजार शब्द तसे लिहिणं अशक्य नाही, पण वाचक तिसाव्या पानावर पुस्तक मिटेल. इटलीच्या मान्झोनीनं हा पेच १८२७ च्या कादंबरीत उघडपणे सोडवला. सतराव्या शतकातल्या जुन्या पोथीचा म्हणून पानभर अलंकारिक मजकूर दिला, मग मध्येच थांबून म्हटलं की ही भाषा कोण वाचणार, गोष्ट मात्र चांगली आहे, तेव्हा मीच ती माझ्या भाषेत सांगतो. तुम्हालाही एवढंच करायचं आहे. ज्याला कागद मिळाले त्यानं ते आजच्या मराठीत उतरवले आहेत असं प्रस्तावनेतच म्हणू द्या, आणि कारकुनाची मूळ वळणाची चार-पाच वाक्यं नमुन्याला द्या. पुढे जिथे पत्राचा मायना किंवा हुकूम येतो तिथे ते वळण पुन्हा डोकावू द्या. वाचकाचा कान मग बाकीचं स्वतः भरून घेतो.

यातून आणखी एक अडचण सुटते. नववं आणि चौदावं प्रकरण तुळसाबाईंच्या डेऱ्यात घडतं, आणि तिथे तुमचा कारकून हजर नाही. प्रस्तावना म्हणते सगळं कारकुनानं लिहिलं, तर ही दोन प्रकरणं कोणी लिहिली? प्रस्तावना एकदा घातली की ती करारासारखी बांधते, हे लिहिणारे बहुतेक वेळा विसरतात. वाट दोन. कारकुनाला ती हकिकत दासीकडून किंवा खिजमतगाराकडून कळली असं त्याच्याच तोंडून येऊ द्या, आणि मग त्यातलं जे डेऱ्याबाहेर येऊच शकत नाही ते गाळा. नाहीतर कागद उतरवणाऱ्यानं ती दोन प्रकरणं आपल्या मनानं भरली आहेत अशी कबुली प्रस्तावनेत घाला. आम्हाला दुसरी वाट जास्त आवडते. तीत उतरवणारा हाही एक संशयित होतो.

म्हणून ठेकेदाराचा मुलगा बदलायला हवा. त्याला या कागदांशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे त्याची अकरा पानं म्हणजे नुसता पंचनामा. कागद ज्याच्या हाती पडतात त्याचं त्यात काही अडकलेलं असावं : घराण्याचं नाव, एखादी जमीन, जुना आरोप. साधारण असं :

*'सासऱ्यांच्या दप्तरात, कुळांच्या हिशेबाच्या वह्यांखाली ही नक्कल होती. पहिले अठरा बंद नाहीत. अक्षर एका माणसाचं नाही. मोडी मला येत नाही. ज्यांनी वाचून दिलं त्यांनी दोन ठिकाणी पुढे वाचायला नकार दिला. त्या दोन जागा मी माझ्या अंदाजानं भरल्या आहेत. त्या कुठल्या, हे मी सांगणार नाही. आमच्या घरात एक नाव कधी उच्चारलं जात नसे. ते या कागदांत नऊ वेळा आलं आहे. — सु. ग., खजुरी बाजार.'*

एवढ्यात कागद आले कुठून, भाषा आजची का, विश्वास कितपत ठेवायचा आणि पुढे वाचायचं कशाला, हे सगळं येऊन जातं. भिंत, ठेकेदार, पावसाळा, वाड्याचा इतिहास आणि नगरपालिकेची नोटीस या तुमच्या पहिल्या सहा पानांतल्या मजकुराची गरजच उरत नाही. (नोटीस झकास उतरली आहे, ती दुसऱ्या कुठल्या कथेसाठी राखून ठेवा.)

आता कागदांकडे वळू. जाणकार वाचक तुम्हाला पकडेल तो इथेच. माळव्यातल्या मातीच्या भिंतीत दोनशे वर्षं ठेवलेला रुमाल उघडला तर आत बहुधा वाळवीनं केलेली मातीच निघेल. काजळाची शाई उन्हानं फारशी उडत नाही, पण ओल लागली की पसरते. तेव्हा भिंत नको. हिशेबाच्या दप्तरात, ज्याला हात लागत राहतो अशा जागी कागद टिकण्याची शक्यता जास्त. त्यातही मूळ प्रत न ठेवता नंतरच्या पिढीत कोणीतरी केलेली नक्कल ठेवलीत तर फायदाच आहे, नक्कल करणाऱ्याच्या चुका आणि त्याची काटछाट तुमच्या हाती येते. 'चारशे पानं' हा शब्दही खटकतो. दप्तरातले मोडी कागद पुस्तकासारखे शिवलेले असतातच असं नाही. सुटे बंद, म्हणजे कागदाचे ताव, पुडक्यात बांधून पुडकी रुमालात ठेवत. बंद सुटे असले की त्यांचा क्रम चुकू शकतो, आणि ही सोय कादंबरीकाराला फुकट मिळते.

एका रात्रीत वाचून काढणं तर शक्यच नाही. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतात आणि अक्षरं तिला लटकवत जातात. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात, ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि घाईच्या अक्षरात हात न उचलता ओळ पुरी केलेली असते. सरावलेला वाचकही आधी त्या हाताचं वळण ओळखतो आणि मग वेग घेतो. तुमच्या पात्राला मोडी येत नसेल तर ती पैसे देऊन कोणाकडून वाचून घेईल, त्याला महिने लागतील, आणि तो वाचणारा तिसरा माणूस म्हणून मध्ये येईल. कारकून, नक्कल करणारा, वाचणारा, उतरवणारी. चार हातांतून आलेली गोष्ट आहे म्हटल्यावर कुठल्या वाक्यावर किती भिस्त ठेवायची हा खेळ वाचक आपणहून खेळू लागतो.

तारखांचं सांगायचं तर, तुमचा कारकून २५ ऑक्टोबर १८०२ असं लिहितो. हडपसरची लढाई त्या दिवशी झाली हे बरोबर, पण त्याच्या लेखी तो दिवाळीचा दिवस, शके १७२४, आणि दप्तरी रिवाजानं सन सलास मयातैन व अलफ, म्हणजे सुहूर १२०३. सुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांतली अरबी अंकनामांची कालगणना, मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. त्यामुळे जून ते डिसेंबरमधल्या तारखेला सुहूर आकड्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मे असेल तर ६००. चूक नेमकी इथे होते. महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ ची आणि मंदसोरचा तह ६ जानेवारी १८१८ चा. दोन्ही एकाच सुहूर सनात पडतात : समान अशर मयातैन व अलफ, १२१८. दोन्हीकडे ५९९ मिळवले की तह वर्षभर आधी जातो. तुमच्या सोळाव्या प्रकरणात तसा तो गेला आहे. शके मात्र दोन्ही वेळी १७३९, ईश्वरनाम संवत्सर, कारण शक चैत्रात बदलतो. तेव्हा कारकुनाला त्याच्या पद्धतीनं लिहू द्या आणि इंग्रजी तारीख उतरवणारीला तळटीपेत देऊ द्या. सगळीकडे नको, नाहीतर पान पंचांगासारखं दिसेल. पुस्तकभर सात-आठ ठिकाणी पुरे.

तळटीपांचं आणखी एक काम आहे. प्रस्तावनेत बोलून गेलेली बाई पुढे तीनशे पानं गप्प राहिली तर वाचक तिला विसरतो आणि मग ती प्रस्तावना खरंच काढून टाकण्याच्या लायकीची ठरते. ती मधूनमधून दिसली पाहिजे : 'इथे बंद फाटला आहे', 'हे नाव दोन तऱ्हेनं वाचता येतं', 'वाचणाऱ्यांनी ही ओळ गाळायला सांगितली'. चार-पाच वेळा. एक मोह मात्र टाळा. कथा जिथे शिगेला पोचते, म्हणजे क्षिप्राकाठच्या त्या रात्री, नेमके तेवढेच बंद गहाळ असं करू नका. वाचकाला लेखकाचा हात दिसतो. बंद गहाळ व्हायचे तर रसदीच्या याद्या आणि कूच-मुक्कामाच्या कंटाळवाण्या भागातले व्हावेत. त्या रात्रीबद्दल कारकुनाला सगळं लिहू द्या, फक्त टाळाटाळ करत लिहू द्या : हवा कशी होती, घोड्यांना चंदी मिळाली का, पहारा कोणाचा होता. जे तो सांगत नाही ते त्यातच दिसेल.

आता मित्राचा आक्षेप. फसवणूक आणि कल्पित प्रस्तावना यांत फरक आहे, आणि तो मुख्यतः खाली सही कोणाची यावर ठरतो. होरेस वॉल्पोलनं १७६४ च्या अखेरीस आपली कादंबरी एका जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर म्हणून, भाषांतरकाराचं खोटं नाव घालून छापली, स्वतःचं नाव कुठेच नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या आवृत्तीत त्यानं ती आपलीच असल्याचं मान्य केलं. वॉल्टर स्कॉटनं 'आयव्हॅन्हो'च्या आरंभी लॉरेन्स टेम्पलटन नावाच्या माणसाचं पत्र घातलं, आणि ते लिहिलं आहे डॉ. ड्रायअ‍ॅझडस्ट यांना, म्हणजे धुळीइतक्या रुक्ष पंडितांना. नाव वाचूनच कळतं. आपल्या शेजारच्या हिंदीत हजारीप्रसाद द्विवेदींच्या 'बाणभट्ट की आत्मकथा'चं (१९४६) कथामुख वाचाच. एक परदेशी वृद्धा शोण नदीच्या काठी भटकून पोथी आणते, आणि तरीही संशयाच्या जागा लेखकानं जागोजाग पेरून ठेवल्या आहेत. इंदुरात हे पुस्तक शोधायला त्रास पडणार नाही.

तुम्ही काय करायचं? मुखपृष्ठावर आणि आतल्या पानावर 'कादंबरी' हा शब्द छापा. या भागाला 'मनोगत' म्हणू नका. मराठी वाचक मनोगत लेखकाचं स्वतःचं, खरं म्हणून वाचतो, आणि तिथे खोटं बोललात तर तो रागावणारच. 'प्रस्तावना' म्हटलं की निम्मे लोक पान उलटतात. 'कागद कसे मिळाले' असं साधं शीर्षक द्या आणि खाली सु. ग. यांची सही. तुमचं नाव तिथे नको. तुमच्या नावानं दोन पानं शेवटी : कोण खरे, कोण कल्पित, कुठली तारीख मुद्दाम हलवली, कुठली छापील साधनं वापरली. 'होळकरशाहीच्या इतिहासाची साधने' आणि महेश्वर दरबारची बातमीपत्रं तुम्ही पाहिली आहेतच, त्यांचं ऋण तिथे माना. हे पुढे आणलंत तर कथेतली हवा जाते आणि गाळलंत तर मित्र बरोबर ठरतो.

तुमच्या मसुद्यातल्या दोन गोष्टी मात्र अजिबात चालणार नाहीत. एक, तुम्ही या कल्पित बखरीला सीतामऊच्या नटनागर शोध संस्थानातला रुमाल क्रमांक दिला आहे. तो काढा. उद्या कोणी विद्यार्थी इंदूरहून बस पकडून तो रुमाल शोधायला जाईल आणि तिथल्या माणसांचा दिवस फुकट जाईल. खऱ्या संस्थेच्या दप्तरात खोटा कागद ठेवू नये, कादंबरीतसुद्धा. दोन, फितुरीचा आळ ज्याच्यावर आहे त्याला तुम्ही इंदुरातल्या एका हयात घराण्याचं आडनाव दिलं आहे. आडनाव बदला. मृत माणसाच्या बदनामीबद्दलही त्याच्या नातलगांना कायद्याचा आधार घेता येतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, गणपतीत तुम्हाला त्यांच्या घरी जायचं असेल.

आत्यांचा प्रश्न तेवढा गंभीरपणे घ्या. त्यांनी सगळं हस्तलिखित वाचलं आणि तरी कागद खरे मानले, म्हणजे मसुद्यात कुठेच खूण नाही. आजकाल पुस्तकाचं एकच पान मोबाइलवर टिपलं जातं आणि 'इंदुरात सापडली दुर्मीळ बखर' म्हणून सगळीकडे फिरतं. त्या पानाबरोबर तुमचं शेवटचं टिपण फिरत नाही. म्हणून तीनही पानांवर, वरच्या बाजूला, पृष्ठक्रमांकाशेजारी कादंबरीचं नाव येईल असं प्रकाशकाला सांगा. आणि प्रत्येक पानावर एखादी तरी गोष्ट अशी ठेवा जी दस्तऐवजात असूच शकत नाही, जसं 'त्या कुठल्या, हे मी सांगणार नाही' हे वाक्य. सुधारलेली तीन पानं आत्यांना पुन्हा वाचायला द्या. कागद कुठे आहेत असं त्यांनी पुन्हा विचारलं तर खूण अजून कमी पडते. 'ही सु. ग. काय लपवतेय?' असं विचारलं तर पुस्तक छापायला द्या.

आणखी एक ताळा, याला अर्धा तास लागेल. प्रस्तावना न देता फक्त पहिलं प्रकरण दोन नव्या वाचकांना द्या आणि विचारा : कोण सांगतंय, कधी, कोणाला, आणि काय लपवतंय? चारही उत्तरं बिनचूक आली तर तुमचा कारकून स्वतःच पुरेसा आहे. मग आमचंही ऐकू नका, प्रस्तावना काढून टाका.

प्रकाशकाशी बोलाल तेव्हा मलपृष्ठाचं आधीच ठरवून घ्या. 'नुकत्याच सापडलेल्या बखरीवर आधारित' अशी ओळ तिथे घालायला ते नक्की सुचवतील, खप वाढतो म्हणून. आतल्या पानावर सु. ग. खोटं बोलू शकते, ती पात्र आहे. मलपृष्ठावर आणि जाहिरातीत बोलतो तो विक्रेता, आणि तिथे ते वाक्य सरळ लबाडी होतं. मलपृष्ठाचा आणि जाहिरातीचा मजकूर तुमच्या लेखी संमतीशिवाय छापायचा नाही, हे कलम करारात घालून घ्या.